कार्बनचा भाव आणि बाजाराचा तळ

प्रदूषणाने इतरांचे जे नुकसान होते ते करणाऱ्याकडूनच वसूल करावे, हा विचार आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्येच मांडला होता. आजचा वाद वसुलीच्या रीतीचा आहे. सरकारने टनामागे कर लावावा आणि उत्सर्जन किती घटते ते पाहावे, की उत्सर्जनाला कमाल मर्यादा घालून तेवढेच परवाने काढावेत आणि त्यांचा भाव खरेदी-विक्रीवर सोडावा? करात भाव पक्का असतो, घट किती होईल ते अनिश्चित. परवान्यांत नेमके उलट. हवामानाच्या दृष्टीने मर्यादाच सुरक्षित, असे कोणालाही वाटेल. पण मर्यादा ठरवताना सरकारचा हात सैल सुटतो आणि सैल मर्यादेखाली बाजार निरुपयोगी ठरतो. म्हणून परवान्यांचा बाजार उभारायचाच असेल, तर त्याच्या तळाशी करासारखा पक्का आणि वाढता भाव हवा, असे माझे मत आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा युरोपात आहे. तिथला बाजार 2005 मध्ये सुरू झाला. बहुतेक परवाने कारखान्यांना फुकट दिले गेले. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष उत्सर्जनाचे आकडे आले आणि परवानेच जास्त निघाले. 2007 मध्ये त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला. मग 2008 च्या मंदीत उत्पादन घटले, पुन्हा परवाने तुंबले आणि 2013 मध्ये टनाचा भाव पाच युरोंच्याही खाली गेला. वीजकेंद्र तीस-चाळीस वर्षांसाठी बांधले जाते. अशा भावावर विसंबून कोळसा सोडण्याचा निर्णय कोण घेईल? ब्रिटनने त्याच वर्षी विजेसाठी जाळल्या जाणाऱ्या इंधनावर स्वतःचा जादा कर लावून भावाला तळ दिला. 2012 मध्ये तिथली सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती. सप्टेंबर 2024 मध्ये रॅटक्लिफ हे तिथले शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले. स्वस्त गॅस, समुद्रातल्या पवनचक्क्या आणि प्रदूषणाचे कडक नियम यांचाही त्यात वाटा आहे, हे मान्यच. तरीही त्याच बाजारात असलेल्या जर्मनीत लिग्नाइट या कमी प्रतीच्या कोळशाची केंद्रे धडधडत राहिली. युरोपने 2019 पासून शिलकी परवाने काढून घ्यायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये भाव शंभर युरोंवर पोचला. पण तोवर मोलाची वर्षे वाया गेली होती.

भाव बांधून दिल्याने उत्सर्जन अमुकच घटेल याची हमी मिळत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तापमान वाढते ते वातावरणात दशकानुदशके साचलेल्या कार्बनमुळे. एखाद्या वर्षी अंदाज चुकला तर पुढच्या वर्षी दर वाढवून ती चूक भरून काढता येते. भाव कोसळल्याने बांधले गेलेले कोळसा केंद्र मात्र आयुष्यभर जळत राहते. दुसरा आक्षेप राजकीय आहे आणि तो मला अधिक जड वाटतो. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये लावलेला कार्बनचा दर दोन वर्षांत रद्द झाला. फ्रान्समध्ये 2018 च्या अखेरीस इंधनकराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. कॅनडात तर कराचा बहुतांश पैसा घरोघरी परत जात होता, तरी 2025 मध्ये ग्राहकांवरचा कर उठवावा लागला. पण परवान्यांनीही वस्तू महागतातच, फक्त ती महागाई बिलावर दिसत नाही. लोकांपासून लपवल्यामुळे टिकणाऱ्या उपायावर मी भरवसा ठेवणार नाही. स्वीडनने 1991 मध्ये कार्बन कर आणला तो इतर कर कमी करून. तो कर पुढे कितीतरी पटींनी वाढला आणि आजही टिकून आहे.

भारताकडे करासारखे साधन होते. कोळशावरचा उपकर 2010 मध्ये टनाला 50 रुपयांपासून सुरू होऊन 2016 मध्ये 400 रुपयांवर गेला. मात्र 2017 पासून त्याचा पैसा स्वच्छ ऊर्जेऐवजी राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो उपकर रद्द करून कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के केला गेला. वरवर ही वाढच दिसते. पण आधीचा आकार वजनावर होता, आताचा किमतीवर आहे. परिणामी कमी प्रतीच्या, स्वस्त कोळशावरचा बोजा उलट हलका झाला. दुसरीकडे 2023 मध्ये अधिसूचित झालेला आपला कार्बन बाजार एकूण उत्सर्जनाला मर्यादा घालत नाही. तो प्रत्येक टन उत्पादनामागचे उत्सर्जन मोजतो. उत्पादन दुप्पट झाले तर लक्ष्य पाळूनही धूर वाढू शकतो. विकसनशील देशाला हे काही काळ परवडेल. पण अशा बाजारात भाव कोसळण्याचा धोका अधिक, म्हणून त्याचा तळ नाममात्र नको. पुढच्या दहा वर्षांचा चढता दर आजच जाहीर व्हायला हवा, आणि पहिल्या टप्प्यात बाहेर राहिलेली कोळशाची वीजही त्यात यायला हवी. युरोपने जानेवारी 2026 पासून आयात पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियमवर कार्बनचा आकार लागू केला आहे. निर्यातदाराने मायदेशी मोजलेली कार्बनची किंमत त्यातून वजा होते. आपण ती इथे वसूल केली नाही, तर आपल्या पोलादाच्या धुराचे पैसे ब्रसेल्सच्या तिजोरीत जातील.