भुकेलं मूल म्हणजे उद्याचा दंगेखोर नव्हे

आम्ही सात जण दर शनिवारी तुर्भे स्टोअरच्या वस्तीत मुलांना वाचन आणि गणित शिकवतो. दोघी मुस्लिम, एक ख्रिस्ती, एक बौद्ध, बाकी तिघे हिंदू. त्यातला मी देवाच्या फारसा वाटेला न जाणारा. बहुतेक जण महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत नोकरीला. मुलांना रोज एक उकडलेलं अंडं मिळावं म्हणून आम्ही एका देणगीदाराकडे अर्ज करायला बसलो. ऑनलाइन फॉर्ममध्ये एक रकाना होता : ‘या उपक्रमामुळे किती मुले हिंसक अतिरेकी विचारांपासून दूर राहतील?’

एकाने पटकन आकडा टाकला : ४०. आमच्या वर्गात मुलंच ४० आहेत.

त्या चाळिसांत एक नऊ वर्षांची मुलगी आहे. धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते आणि त्याला मांडीवर झोपवून पाढे म्हणते. मदत मिळावी म्हणून आम्ही तिची नोंद ‘संभाव्य अतिरेकी’ अशी करून टाकली होती.

गरिबीतून दहशतवाद जन्मतो, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते तपासायची गरजच वाटत नाही. पण तपासून बघा. मे २०१४मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले आणि आयसिसला मिळाले. ते उपाशी नव्हते. शिकलेले होते, काही तर इंजिनिअरिंगकडचे. डिएगो गॅम्बेटा आणि स्टेफन हर्टोग या अभ्यासकांनी २०१६मध्ये आलेल्या पुस्तकात दाखवलं की, इस्लामी अतिरेक्यांमध्ये इंजिनिअरांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि हा एकाच धर्माचा प्रश्न नाही. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, त्या काही कुणाच्या भुकेपोटी नव्हे. मग तो रकाना इंजिनिअरिंग कॉलेजच्या फॉर्ममध्ये का नसतो?

आमच्यातलीच एक जण म्हणाली, “अरे, वाक्य काहीही असू दे. पोरांना अंडं मिळतंय ना?” हा आक्षेप मला अजूनही वजनदार वाटतो. उपाशी मुलासमोर शब्दांचा कीस काढणं ही पोट भरलेल्यांची चैन असू शकते.

पण कारण बदललं की मदतीचा पत्ताही बदलतो. भीतीपोटी दिलेला पैसा जिथे भीती वाटते तिथेच जातो, म्हणजे बहुतेकदा एका ठराविक समाजाच्या मोहल्ल्यात, आणि जाताना संशयाचा शिक्का मारून जातो. दगडखाणीवरच्या मजुराच्या ज्या पोराची कुणालाच भीती वाटत नाही, ते तसंच राहतं. भीती ओसरली की पहिल्या पोराचंही अंडं बंद. मुलाला खायला द्यायचं कारण एकच पुरेसं असायला हवं : त्याला भूक लागली आहे.

मग गरिबी आणि हिंसा यांचा काही संबंधच नाही का? आहे, पण बाण उलट्या दिशेने काढावा लागतो. १९९२-९३च्या मुंबई दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं मेली. त्यांतल्या कित्येकांच्या मागे कमावतं माणूस गेलेलं घर राहिलं. दंगलीत यंत्रमाग थांबले की हातावर पोट असलेल्याच्या घरची चूल थांबते, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

यंत्रमागांच्या भिवंडीने १९७० आणि १९८४ला हे भोगलं होतं. १९८८पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली माणसं नियमित एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगलीनंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी यांच्या पुढाकाराने अशा समित्या झाल्या. तरुणांना जोडायला क्रिकेटचे सामने भरवले गेले. धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान ही जोडी वर्षानुवर्षं हेच काम करत राहिली. यात एक गोष्ट समान दिसते. अफवा येते त्या रात्री ओळख करून घ्यायला वेळ नसतो; ती आधीपासून असावी लागते.

हे मला स्वतःवरून कळलं. एका रात्री सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला : अमुक वस्तीत जमाव जमलाय, हत्यारं निघालीत. मी तो पुढे ढकलणारच होतो. मग आठवलं, आमच्यातली एक तिथेच राहते. फोन केला. ती म्हणाली, “अरे, मी आत्ता खाली दूध आणायला गेले होते. सगळी दुकानं उघडी आहेत.” व्हिडिओ कुठला होता कुणास ठाऊक. शनिवारचा वर्ग नसता तर माझ्याकडे तिचा नंबर नसता. त्या रात्री आग पसरवू शकणारा माणूस वस्तीतलं उपाशी पोर नव्हता. बारा मजली इमारतीत, चार्जिंगला लावलेला फोन हातात घेऊन मी बसलो होतो.

आम्ही फॉर्ममधला आकडा खोडला आणि लिहिलं : ‘मुलांबद्दल असा दावा आम्ही करू शकत नाही. वर्गामुळे बदलले असतील तर शिकवणारे : ७.’

पैसे मिळाले नाहीत. तत्त्व आमचं, पण किंमत त्या मुलीने मोजली, हे मनात टोचत राहिलं. मग एका शनिवारी फळ्यावर हिशोब मांडला. ४० मुलं, महिन्याचे २५ दिवस, अंड्याला ७ रुपये : ७००० रुपये. आम्ही सात जण. प्रत्येकी १०००. आमच्यापैकी बहुतेकांचं बाहेरून जेवण मागवण्याचं महिन्याचं बिल याहून मोठं आहे.

अंडी सुरू झाली. फॉर्म भरायच्या आधी हा साधा भागाकार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता.