त्या पेशी आता कुणाच्या?

हेला पेशींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "त्या आता माणसाच्या कुठे राहिल्यात? व्हायरसच्या झाल्यात." आमच्या कोल्हापुरातल्या लॅबमध्येही हे ऐकू येतं. वाक्य सोयीचं आहे. पेशी कुणाच्याच नसतील, तर कुणाला विचारायचा प्रश्नच उरत नाही.

१९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी घेतला, तिला न विचारता. ती त्याच वर्षी गेली. पेशी अजून वाढतायत. आपल्याकडे त्या पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधून मिळतात.

त्यांच्या डीएनएत एचपीव्ही-१८ या व्हायरसचा तुकडा जाऊन बसलाय. तो दोन प्रथिनं बनवतो, ई६ आणि ई७. पेशीला स्वतःचे ब्रेक असतात, पी५३ आणि आरबी. ई६ हे पी५३ला पेशीच्याच कचरायंत्रणेत ढकलतं, ई७ आरबीला जखडून ठेवतं. साधी पेशी शेजारणीला टेकली की वाढायची थांबते. ही थांबत नाही, एकीवर एक चढत जाते.

म्हणजे झाली ना व्हायरसची?

थांबा. हेलामधली पी५३ आणि आरबीची जनुकं धडधाकट आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ई६-ई७ गप्प केले, तर काही दिवसांतच पेशी विभागायच्या थांबल्या, म्हाताऱ्या झाल्या. जवळपास पन्नास वर्षं दाबून ठेवलेले ब्रेक लागले. ते ब्रेक हेन्रिएटाचेच. व्हायरसने घर बळकावलं होतं, पण घर तिचंच होतं.

मैत्रीण म्हणते, "मग नखं कापतानाही परवानगी घेशील काय गं?" प्रश्न रास्त आहे. पण नखं कुणी विकत नाही. आणि २०१३ साली हेलाचा जीनोम कुटुंबाला न विचारता जाहीर झाला, तेव्हा तिच्या जिवंत नातवंडांची खासगी माहितीच चव्हाट्यावर आली. त्यांनी हरकत घेतल्यावर तो मागे घेतला गेला.

हेला वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरते. एचपीव्हीची लस ज्या संशोधनातून आली, त्यातही या पेशी होत्या. माझं लक्ष बायोप्सीच्या संमतीपत्राकडे आहे. गगनबावड्याहून आलेल्या बाईला "नमुना संशोधनासाठी वापरला जाईल" एवढं वाचून दाखवणं पुरेसं नाही. तुमच्या पेशी तुमच्यानंतरही जगू शकतात, विकल्या जाऊ शकतात, त्यातून तुमच्या पोरांबद्दलही कळू शकतं, हे तिला कळेल अशा मराठीत सांगायला हवं. आणि ती "नको" म्हणाली, तर तिच्या उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हेही.