एका दिवसाचा फोटो, तीस वर्षांची बातमी

हवामानबदलाच्या बातमीला फोटो शोधणे अवघड असते, कारण बातमीचा विषयच डोळ्यांना दिसत नाही. हवामान ठरते ते वर्षानुवर्षांच्या नोंदींच्या सरासरीवरून. जागतिक हवामान संघटना त्यासाठी तीस वर्षांचा काळ धरते. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटते. बातमी तीस वर्षांची आणि फोटो क्षणाचा, हा पेच संपादकीय विभाग ठरावीक चित्रांनी सोडवतो. इंग्रजी वृत्तपत्रांत त्यासाठी हिमखंडावरचे पांढरे अस्वल असते. मराठीत भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी किंवा डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग असते. रात्री पान सोडायची घाई असते आणि असे फोटो संग्रहात तयार असतात. वाचक ते पाहतो आणि न थांबता पान उलटतो.

ब्रिटनमधील ‘क्लायमेट आउटरीच’ या संस्थेने याचा अभ्यास करून २०१६ मध्ये ‘क्लायमेट व्हिज्युअल्स’ हा उपक्रम सुरू केला. लंडन आणि बर्लिनमधील गटचर्चा आणि तीन देशांतील पाहणी यांतून असे दिसले, की अस्वल आणि धुरांडी लोक लगेच ओळखतात, पण त्यांत त्यांना नवे काही सापडत नाही. काही तरी करत असलेली खरी माणसे आणि आपल्या परिसरातले नुकसान मात्र त्यांचे लक्ष धरून ठेवते. २०१९ मध्ये ‘द गार्डियन’ने अस्वले कमी करून माणसांचे फोटो वाढवण्याचे धोरण जाहीर केले. त्याआधी २०१७ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने उपासमारीने खंगलेल्या एका अस्वलाची चित्रफीत दाखवली होती आणि ती जगभर पाहिली गेली. त्या एका अस्वलाच्या अवस्थेचे कारण नक्की माहीत नसताना ती थेट हवामानबदलाशी जोडण्यात आपण मर्यादा ओलांडली, असे त्या मासिकाने पुढच्याच वर्षी मान्य केले. फोटो खरा आणि त्याखालची ओळ खोटी, असे होऊ शकते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा धोका पावलोपावली आहे.

फोटोसाठी या दोन तालुक्यांइतका समृद्ध मुलूख पुणे जिल्ह्यात दुसरा नाही. पश्चिमेला नाणेघाट, माळशेज आणि भीमाशंकरचे डोंगर, जिथे पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पूर्वेला जुन्नरचे आणे पठार, जिथे पावसाळा कोरडा गेला की टँकरची वाट पाहावी लागते. मधल्या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाची धरणे आणि त्यांच्या कालव्यांवर पोसलेले ऊस, द्राक्ष, टोमॅटो. त्यामुळे ‘जुन्नरमध्ये दुष्काळ’ आणि ‘जुन्नरमध्ये अतिवृष्टी’ या दोन्ही बातम्या एकाच वर्षी खऱ्या असू शकतात. कुठल्या गावचा फोटो कुठल्या बातमीला लावला, यावर तिचे खरेखोटेपण ठरते.

सगळ्यांत जास्त फसवणारा फोटो डिंभे धरणाचा. घोड नदीवरच्या या धरणाचे पाणी उन्हाळ्यात खाली गेले की जलाशयाच्या तळाचा गाळ उघडा पडतो, वाळतो आणि त्याला भेगा पडतात. बुडालेल्या जुन्या आंबेगावचे अवशेषही वर येतात. तालुक्याला नाव देणारे गाव धरणात गेले आणि कचेऱ्या आहेत घोडेगावला. हे दृश्य विलक्षण असल्याने दर मे महिन्यात ते छापून येते आणि खाली हवामानबदलाचा उल्लेख असतो. पण डिंभे रिकामे होते ते मुख्यतः आवर्तनांमुळे, म्हणजे कालव्यांत ठरवून सोडलेल्या पाण्यामुळे. कुकडी प्रकल्पाचे पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंत जाते. ते किती आणि कधी सोडायचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. पाऊस उत्तम झालेल्या वर्षीही मे अखेरीस गाळाला भेगा पडतात. एकट्या भेगेवरून हवामानबदल झाला की नाही, हे सांगता येत नाही.

म्हणजे डिंभ्याचा फोटो टाळावा असे नाही, तो वेगळा काढावा. पाटबंधारे खाते धरणाच्या पातळीची रोज नोंद ठेवते. दरवर्षी एकाच तारखेला, एकाच जागेवरून, त्याच कोनातून भिंतीवरच्या मोजपट्टीसह फोटो घेतला आणि खाली त्या दिवसाची पातळी व तोवरचा पाऊस दिला, तर दहा वर्षांनी त्या मालिकेला पुराव्याची किंमत येते. दुसरा फोटो धरणाच्या काठावरच मिळतो. वरच्या अंगाला असलेल्या आदिवासी वाड्यांना समोर पाणी दिसत असते, आणि मार्चनंतर त्यांना प्यायला झरे शोधावे लागतात. धो धो पावसाच्या या पट्ट्यात पाणी डोंगरावरून वाहून जाते, मुरत नाही. इथल्या झऱ्यावर वाटीने हंडा भरणाऱ्या बाईच्या फोटोत निदान प्रश्न तरी खरा असतो, मात्र तिच्यामागे धरणाचे पाणी दिसले पाहिजे.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले. १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही हे प्रथम कळले ते नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्या आठवड्यात देशभर छापलेला फोटो हेलिकॉप्टरमधून घेतलेला होता: हिरव्या उतारावर वरून खालपर्यंत तपकिरी ओरखडा आणि त्याच्या पायथ्याशी मुंग्यांएवढी माणसे. हानीचा आवाका त्या फोटोने अचूक सांगितला. कारण सांगायला तो असमर्थ होता, आणि तिथेच वाद झाला. मुसळधार पाऊस तर होताच. शिवाय तीव्र उतार, खडकावरचा मातीचा जाड थर आणि उतारावर यंत्रांनी केलेले सपाटीकरण यांचीही चर्चा झाली. या भागात भातखाचरे बांधण्याची ‘पडकई’ ही जुनी रीत आहे. गावकरी मिळून उतारावर दगडी ताली रचतात, माती धरून ठेवतात आणि त्यात भात लावतात. तीच हाताने केली तर माती वाचते, आणि यंत्राने उतार कापला तर उतार सैल होण्याची भीती असते. पायऱ्या-पायऱ्यांच्या डोंगराचा एकच फोटो त्यामुळे ‘उपाय’ आणि ‘अपराध’ अशा दोन्ही मथळ्यांखाली छापता येतो.

माळीणची दरड हवामानबदलामुळेच कोसळली, असे म्हणता येत नाही. म्हणता येते ते एवढे, की तापमान एका अंशाने वाढले तर हवेत साधारण सात टक्के अधिक बाष्प मावते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच तारखेला, ३० जुलै २०२४ रोजी, केरळात वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. तिथल्या पावसाचा अभ्यास ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन’ या वैज्ञानिकांच्या गटाने केला आणि हवामानबदलामुळे तो सुमारे दहा टक्के अधिक तीव्र झाल्याचा निष्कर्ष काढला. असा अभ्यास असेल तिथे ओळीत आकडा द्यावा. नसेल तिथे ‘अशा घटना वाढत आहेत’ एवढेच म्हणावे.

माळीणवर आज फोटो काढायचा तर तो ढिगाऱ्याचा किंवा स्मृतिस्तंभाचा नको. आमडे येथे वसवलेल्या नव्या माळीणचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झाले आणि पहिल्याच पावसात तिथल्या भरावाला आणि रस्त्यांना तडे गेले. भेगाळलेल्या गाळापेक्षा या तड्यांचे फोटो महत्त्वाचे आहेत, कारण बदलत्या पावसाला तोंड द्यायला माणसाने काय बांधले आणि ते किती टिकले, हे त्यांत दिसते. डोंगराखालच्या इतर वाड्यांतून जुलैत तात्पुरत्या निवाऱ्याला जाणारी कुटुंबेही याच बातमीचा भाग आहेत. त्यांचे गाठोडे, शाळेच्या वर्गात मांडलेली चूल, बाहेर बांधलेली जनावरे यांचा फोटो दरड कोसळण्याआधी काढता येतो. दुर्घटनेनंतरच कॅमेरा पाठवायची सवय असलेल्या कार्यालयांना हे सुचत नाही.

द्राक्षबागेतला पुरावा लहान असतो. नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातल्या बागांची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि घड जानेवारीपासून मार्चपर्यंत तयार होतात. फुलोऱ्यात पाऊस आला तर डावणी रोग आणि कुज. मणी भरल्यावर आला तर मणी तडकतात. तडकलेला मणी जवळून पाहिला तर सालीवर देठापासून खाली उभी चीर दिसते, तिच्या कडा दुसऱ्या दिवशी तपकिरी होतात आणि तिथे माश्या बसतात. बोटाच्या पेराएवढ्या त्या चिरेमुळे पूर्ण घड निर्यातीतून बाद होतो. या चिरेच्या फोटोशेजारी दुसरा फोटो बागायतदाराच्या फवारणीच्या वहीचा असावा: तारीख, औषध, प्रमाण, पाऊस. निर्यातीसाठी ही वही ठेवावीच लागते. जुनी वही आणि यंदाची वही एका चौकटीत ठेवली, तर हवामान आणि खर्च दोन्ही एका नजरेत येतात. पाऊस थांबताच घडांवरचे पाणी उडवायला पहाटे बागेत फिरणारा ट्रॅक्टरचा ब्लोअर आणि ओळींवर ताणलेले प्लास्टिकचे आच्छादन हेही फोटोचे विषय आहेत. गारपिटीनंतर बागायतदाराला डोक्याला हात लावायला सांगून काढलेल्या फोटोपेक्षा हे सगळे खरे आहे. तसे सांगून काढलेले फोटो ओळखायला वाचकाला फार वेळ लागत नाही.

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव आणि शिरूर भागात अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला. दिवाळीनंतर चाऱ्यासाठी फिरतीवर निघालेले मेंढपाळ उघड्या रानात होते. भिजलेली लोकर सुकेना, आडोसा नव्हता. शेकडो मेंढ्या आणि शेळ्या गारठून मेल्या. वृत्तपत्रांत ओळीने पडलेल्या मेंढ्या दिसल्या. त्या फोटोंबद्दल तक्रार नाही. पण मेंढपाळाचा बिऱ्हाडाचा घोडा, वर कागद नसलेला वाघरीच्या जाळीचा वाडा आणि पंचनाम्यासाठी आलेले पशुवैद्य हे त्याच रानात होते, आणि नुकसानीला कोण कसे सामोरे जाते हे त्यांच्यामुळे कळले असते. फिरत्या माणसाचा पंचनामा कुठल्या गावात करायचा, हा प्रश्नही त्याच फोटोत मावला असता.

काही नुकसानी कॅमेऱ्यासमोर येतच नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतील हिरड्याची झाडे मोडली. उन्हाळ्यात अंगणात वाळत घातलेला काळा, सुरकुतलेला बाळहिरडा ही तिथल्या घरांची रोख मिळकत. आडव्या पडलेल्या हिरड्याचा फोटो मामुली दिसतो, कारण जंगलात झाडे पडतच असतात. हे झाड पुन्हा फळायला किती वर्षे लागतात, हे ओळीतच सांगावे लागते. भरपाईची मागणी पुढे वर्षानुवर्षे चालली, याचे एक कारण हे नुकसान कुणाला दिसले नाही हेही असावे.

काही फोटो या बातमीला मुळीच लावू नयेत. उसातल्या बिबट्याचा सर्वांत आधी वगळावा. जुन्नरचा बिबट्या वृत्तसंपादकांचा लाडका आहे आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रामुळे त्याचे फोटोही सहज मिळतात. पण तो उसात राहायला आला तो कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसामुळे, कुत्री-शेळ्यांच्या भक्ष्यामुळे. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटोही जपून वापरावा. २०२३ च्या मेमध्ये भाव मातीमोल होते आणि जुलैत गगनाला भिडले. त्यात उष्णतेचा, पावसाचा आणि रोगाचा वाटा आहे, तसा लागवड घटण्याचाही आहे. रस्त्यावर ओतलेले क्रेट हा भावाचा फोटो असतो, हवेचा क्वचित. उष्णतेच्या बातमीला विहिरीत उड्या मारणारी पोरे लावण्याची रीतही सोडावी. युरोपात संशोधक सॅफ्रन ओनील यांनी २०१९ च्या उष्णतेच्या लाटांच्या बातम्या तपासल्या, तेव्हा तिथेही पाण्यात खेळणाऱ्यांचे फोटो भरपूर निघाले. आपल्याकडे अशाच तापलेल्या दुपारी बाजार समितीत हमाल क्रेट उचलत असतात आणि फडात ऊसतोड चालू असते.

उपायांच्या फोटोंनाही हीच कसोटी लावावी. शेजारच्या खेड तालुक्यातील डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या स्वच्छ ऊर्जेचे चित्र म्हणून देखण्या दिसतात. त्यांच्यासाठी जंगल आणि उतार यांची झालेली हानी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीच्या २०११ च्या अहवालात नोंदलेली आहे. देखणा फोटो छापायला हरकत नाही, ओळीत दुसरी बाजू हवी.

या सगळ्यांत फोटोओळीवर मोठा भार पडतो, आणि मराठी वृत्तपत्रांत ती सर्वांत हलगर्जीपणे लिहिली जाते. गाव, तारीख, काय दिसते आहे आणि कशाच्या तुलनेत, एवढे तिच्यात असलेच पाहिजे. जुना फोटो असेल तर ‘संग्रहित’ हा शब्द पुरत नाही, सालही हवे. संगणकाने घडवलेले चित्र तर बातमीला नकोच. भेगाळलेल्या जमिनीची खोटी चित्रे खऱ्यांपेक्षा सुबक निघू लागली आहेत.

तुलनेसाठी जुने फोटो लागतात आणि ते वृत्तपत्रांकडे फारसे नाहीत. एकोणिसाव्या शतकात जुन्नरच्या लेण्यांची छायाचित्रे काढली गेली, त्यांत आसपासचे डोंगरही आले. त्यानंतरचा बराचसा ऐवज घराघरांत आहे: लग्नाच्या फोटोत मागे आलेली विहीर, बैलपोळ्याच्या फोटोतला ओढा, पहिल्या द्राक्षबागेत उभे राहिलेले आजोबा, वाड्याच्या अंगणात वाळणारा हिरडा. जुन्नर-आंबेगावातल्या वाचकांनी या दिवाळीत घरातले असे फोटो बाहेर काढावेत, थोरल्यांना विचारून प्रत्येकामागे गाव, जागा, महिना आणि साल पेन्सिलीने लिहावे आणि गावच्या शाळेत किंवा वाचनालयात त्यांची एकेक प्रत द्यावी.