अर्धी कबुली

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे 28:13, 1 करिंथ 9:24-27, लूक 12:2



2026 च्या जानेवारीत पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. त्या सुमारास आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळीत उपासना संपल्यावर चहाच्या वेळी दुसरा विषयच नव्हता. आमची काही तरुण मुले पहाटे उठून आउटर रिंग रोडलगतच्या, छप्पर घातलेल्या तेवीस किलोमीटरच्या सायकल मार्गावर जातात. तो मार्ग 2023 साली खुला झाला. मूळचे पुण्याचे एक आजोबा मुलांना सांगत होते की, लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहायला ते बोरघाटात तासन् तास उभे राहत, आणि घाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. आजोबांचे डोळे सांगता सांगता चमकत होते.

मग बोलणे उत्तेजक औषधांवर आले आणि तीन मते पडली. एक जण म्हणाला, “सगळेच घेतात हो! सापडला तो चोर, न सापडला तो राजा.” दुसरा तावातावाने म्हणाला, “असल्या माणसाचे तोंडसुद्धा पाहू नये. जन्मभर बंदी घाला.” तिसरा हसून म्हणाला, “आपल्याला काय करायचंय? शर्यत रंगली, पैसे वसूल!” मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण त्या दिवशी उपदेश माझा होता. मी काही बोललो नाही. का बोललो नाही ते शेवटी सांगेन. आधी एका सायकलपटूची गोष्ट ऐका.

एरिक झाबेल हा जर्मनीचा स्प्रिंटर, म्हणजे शर्यतीच्या अगदी शेवटी जिवाच्या आकांताने वेग घेणारा स्वार. अशा स्वाराला दिवसभर त्याचे सोबती आपल्या पाठीमागे, वाऱ्याच्या आडोशाला ठेवतात. वारा ते खातात आणि शक्ती त्याची वाचते. अंतिम रेषेपासून दोनशे-तीनशे मीटरवर शेवटचा सोबती बाजूला होतो आणि स्प्रिंटर एकटा पुढे झेपावतो. त्या वेळी सायकलचा वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत जातो. विजय एकाच्या नावावर लागतो, पण त्यात पाच-सहा जणांचा घाम असतो. झाबेलने 1996 ते 2001 अशी सलग सहा वर्षे ‘टूर द फ्रान्स’मधील हिरवी जर्सी मिळविली. गुणांच्या स्पर्धेत पहिला येणाऱ्याला ती देतात.

2004 च्या मार्चमध्ये इटलीतील मिलान-सान रेमो शर्यतीत एक विलक्षण घटना घडली. सुमारे तीनशे किलोमीटरची ही शर्यत झाबेलने पूर्वी चार वेळा जिंकली होती. त्या दिवशीही तोच पुढे होता. रेषा समोर दिसली, विजय झालाच असे समजून त्याने दोन्ही हात उंचावले. रेषा मात्र अजून किंचित पुढे होती. तेवढ्यात शेजारून ऑस्कर फ्रेइरे या स्पॅनिश स्वाराने आपली सायकल पुढे लोटली आणि त्याचे चाक आधी रेषेवर गेले. झाबेलचे हात वरच राहिले आणि शर्यत गेली.

हे चित्र मनात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

त्या काळात सायकलपटूंमध्ये ईपीओ नावाच्या द्रव्याचा सुळसुळाट झाला होता. हे द्रव्य निर्माणकर्त्याने आपल्या मूत्रपिंडांतच ठेवले आहे. रक्तातील तांबड्या पेशी वाढवा, असा निरोप ते शरीराला देते. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत अशा रुग्णांना ते इंजेक्शनाने देतात. आजाऱ्यासाठी दया म्हणून सापडलेले हे औषध धडधाकट माणसे चोरून टोचून घेऊ लागली. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो आणि दम टिकतो. पण रक्त दाट होते, त्याच्या गुठळ्या होऊ शकतात, हृदयावर ताण येतो. ही लबाडी पकडणारी चाचणी 2000 सालापर्यंत वापरातच नव्हती. तोवर तपासणीत काहीच निघत नसे, आणि काही निघाले नाही म्हणून स्वार स्वतःला निर्दोष म्हणवीत.

2007 च्या मे महिन्यात झाबेल वार्ताहरांपुढे आला आणि रडत रडत म्हणाला की, आपण ईपीओ घेतले होते, पण केवळ एकदा, 1996 साली, आठवडाभर. त्रास झाला म्हणून सोडून दिले. लोकांना त्याची दया आली. पुष्कळांनी त्याच्या धैर्याची वाहवा केली. तो पुढच्या वर्षापर्यंत शर्यतींत राहिला.

मात्र 1998 च्या टूर द फ्रान्समध्ये घेतलेले लघवीचे नमुने शीतपेटीत जपून ठेवलेले होते. पुढे नवी चाचणी निघाल्यावर ते तपासले गेले आणि 2013 च्या जुलैत फ्रान्सच्या सिनेटच्या अहवालात त्यांतील नावे प्रसिद्ध झाली. त्यांत झाबेलचे नाव होते. तेव्हा त्याने दुसऱ्यांदा कबुली दिली : एक आठवडा नव्हे, अनेक वर्षे, आणि ईपीओच नव्हे, आणखीही प्रकार. झाकलेले असे काही नाही की जे उघड होणार नाही, असे प्रभू येशू लूकच्या बाराव्या अध्यायात सांगतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या बाटलीने साक्ष दिली.

प्रियांनो, 2007 साली झाबेलने रेषेच्या आधीच हात वर केले होते. सत्याची शर्यतही त्याने शेवटचे काही हात बाकी असताना थांबविली. अर्धी कबुली ती हीच.

आता आपल्या त्या तीन मतांकडे पाहू.

पहिले मत, “सगळेच घेतात.” हे खरे नाही. ख्रिस्तोफ बासों नावाचा एक फ्रेंच स्वार फेस्टिना संघात होता. 1998 साली त्या संघाची औषधांनी भरलेली मोटार सरहद्दीवर पकडली गेली आणि अख्खा संघ शर्यतीतून काढला गेला. त्या वेळी हा मनुष्य घेत नाही अशी ग्वाही त्याच्या सोबत्यांनीच दिली. पुढच्या वर्षी त्याने वर्तमानपत्रात या लबाडीविषयी लिहिले, तेव्हा इतर स्वारांनी त्याला वाळीत टाकले. अखेर तो शर्यत अर्ध्यावर सोडून घरी गेला. त्याच 1999 सालापासून लान्स आर्मस्ट्राँगने सलग सात वर्षे टूर द फ्रान्स जिंकली. 2012 साली ते सातही मान काढून घेण्यात आले आणि दुसऱ्या कोणालाही दिले गेले नाहीत. विजेत्यांच्या यादीत सात जागा रिकाम्या आहेत. “सगळेच घेतात” असे आपण म्हणतो तेव्हा आपण पापी माणसाला क्षमा करीत नसतो. ज्याने घेतले नाही त्याला आपण पुसून टाकतो. कचेरीत “सगळेच खातात” म्हणणाराही हेच करतो.

दुसरे मत, “त्याचे तोंड पाहू नये.” शिक्षा असावी, नियम असावेत. आपल्या देशातही 2022 साली याविषयी कायदा झाला. पण हे मत मांडताना आपण समजतो की लबाडी कुठेतरी दूर युरोपात आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2023 च्या आकड्यांत, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचे सर्वांत अधिक प्रमाण भारताचे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत तपासणी अधिकारी आल्याचे कळताच खेळाडू पांगले, आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू धावला. एक मुलगी तर शर्यत संपल्यावर रेषा ओलांडून तशीच पुढे पळत राहिली आणि अधिकाऱ्याला तिच्यामागे धावावे लागले, असे वर्तमानपत्रांत आले. मी ती बातमी वाचली तेव्हा हसू आले नाही. एदेन बागेत झाडांआड लपलेला आदाम आठवला. तपासणाऱ्याला पाहून पळणे हा आपला सर्वांत जुना खेळ आहे.

तिसरे मत, “शर्यत रंगली ना?” हे मत मला सर्वांत जड वाटते. कारण खेळाडूला केवळ लोभ पळवीत नाही, आपल्या टाळ्याही पळवितात. आपल्याला दर वर्षी अधिक वेग हवा, अधिक उंच घाट हवा, आपलाच स्वार पुढे हवा. मग तो कसा पुढे आला हे आपण विचारीत नाही. जो विचारीत नाही तोही त्या सुईला हात लावतो.

पौल प्रेषिताने करिंथच्या मंडळीला लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला घेतला. करिंथजवळ इस्थमसचे खेळ भरत आणि विजेत्याला पाना-डहाळ्यांचा मुकुट मिळे. तो काही दिवसांत सुकून जाई. अशा मुकुटासाठी खेळाडू इतका संयम करतात, मग न सुकणाऱ्या मुकुटासाठी आपण किती करावा, असे तो विचारतो. पण सत्ताविसाव्या वचनात त्याच्या मनातली भीती दिसते : इतरांना उपदेश करून आपण स्वतः नापसंत ठरू नये. ‘नापसंत’ यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘अडोकिमॉस’, म्हणजे कसोटीला न उतरलेले, जसे वाजवून पाहिल्यावर खोटे निघालेले नाणे. ही भीती प्रेक्षकांसाठी लिहिलेली नाही. ती उपदेशकासाठी, शिक्षकासाठी आहे. ती माझ्यासाठी आहे.

म्हणून मी त्या दिवशी गप्प राहिलो. आता कारण सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी तरुण होतो आणि शब्बाथशाळेत शिकवीत असे. निरनिराळ्या मंडळ्यांच्या मुलांची वचन पाठांतराची स्पर्धा होती. आमच्या वर्गातला दहा वर्षांचा एक हुशार मुलगा त्यात उतरला होता. ढाल आपल्याकडे यावी असे मला फार वाटत होते. मंडळीसाठी, असे मी स्वतःला सांगत असे. मी त्याच्याशी खुणा ठरविल्या. समोरच्या रांगेत बसून प्रत्येक वचनाचा पहिला शब्द मी बोटांनी आणि ओठांनी सुचवीत गेलो. आम्हांला ढाल मिळाली. मंडळीने टाळ्या वाजविल्या.

कोणाला तरी संशय आला आणि आमच्या पाळकसाहेबांनी मला बोलावून विचारले. मी मान खाली घालून म्हणालो, “एका ठिकाणी तो अडखळला, तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द गेला.” पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि मला क्षमा केली. एका शब्दाची क्षमा घेऊन मी घरी आलो. बाकीचे शब्द माझ्याजवळच राहिले.

काही वर्षांपूर्वी तो मुलगा, आता संसारी गृहस्थ, मला काचीगुडा स्टेशनवर भेटला. गाडीला उशीर होता. बोलता बोलता तो म्हणाला, “सर, एक सांगू? त्या दिवशी मला सगळं पाठ होतं. तुमच्याकडे बघायचं ठरलं होतं म्हणून मी बघत होतो. मी स्वतःच्या बळावर जिंकलो असतो की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. मी त्याला ढाल मिळवून दिली आणि त्याचा विजय चोरला होता.

त्या आठवड्यात मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते आता निवृत्त आहेत. मी त्यांना सर्व शब्द सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाळ, मला वाटतच होतं. मी वाट पाहत होतो.” नंतर ज्या मंडळीची मुलगी तेव्हा दुसरी आली होती, तिथे जाऊन मी वडील मंडळींपुढे उभा राहिलो. ती मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. तिला पत्र लिहिले. उत्तर आलेले नाही, आणि उत्तर मिळण्याचा मला हक्क नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षक बंधुभगिनींनो, नीतिसूत्रांचा कर्ता दोन गोष्टी जोडून सांगतो : दोष कबूल करणे आणि तो टाकून देणे. अशा माणसावर दया होते. दोषाचा सोयीचा तुकडा दाखवून उरलेला पदराखाली ठेवणाऱ्याला ते अभिवचन नाही. दया कमी पडते असे नव्हे. आपण पुढे केलेल्या जखमेलाच मलम लागते, झाकलेली जखम आत चिघळत राहते. आपल्या वर्गातील मुलांना वचने पाठ करवा, स्पर्धेला पाठवा, पण हरण्याची मुभाही द्या. जे मूल प्रामाणिकपणे पाचवे आले त्याच्यासाठी मोठ्याने टाळ्या वाजवा. मुले आपले ओठ पाहत असतात.

आणि टीव्हीवर पुढची शर्यत पाहाल, कोणी हात उंचावून रेषा ओलांडताना दिसेल, तेव्हा क्षणभर स्वतःला विचारा : मी कुठे रेषेच्या आधीच हात वर केले आहेत? देवासमोर आणि माणसांसमोर माझे कोणते शब्द सांगायचे राहिले आहेत? आपल्या प्रभूने वधस्तंभावर ‘पूर्ण झाले’ असे म्हटले ते रेषा ओलांडल्यावर. त्याने काही बाकी ठेवले नाही. म्हणून आपणही काही बाकी न ठेवता त्याच्यापुढे येऊ शकतो.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आमची परीक्षा करणारा आणि आम्हांला ओळखणारा आहेस. तुला पाहून आम्ही पळू नये असे कर. आमचे सर्व शब्द तुझ्यापुढे मांडण्याचे धैर्य दे, आणि ज्यांचा विजय आम्ही हिरावला त्यांच्या दारी जाण्याची नम्रता दे. आमच्या लेकरांना निर्मळ पावलांनी धावू दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.