उलट्या पावलांनी

नोहाची गोष्ट आपल्याला बहुतेक तारवापर्यंतच माहीत असते. प्रलय, प्राण्यांच्या जोड्या, कबुतर आणि शेवटी आभाळात इंद्रधनुष्य. लहान मुलांच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. बायबलमध्ये ती संपत नाही. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात इंद्रधनुष्यानंतर थोड्याच ओळींत नोहा द्राक्षमळा लावतो, त्याची दारू पितो, झिंगतो आणि तंबूत उघडानागडा पडून राहतो.

हा तोच माणूस आहे, ज्याला देवाने त्याच्या काळातला नीतिमान म्हणून निवडलं. सगळं जग बुडालं आणि हा वाचला. ज्यूंचा तोरा आणि ख्रिस्ती लोकांचा जुना करार या दोन्हींत ही गोष्ट आहे आणि कुणीही ती वगळली नाही. गंमत म्हणजे नोहा प्यायला याबद्दल देव त्याला एका शब्दाने बोलत नाही. गोष्ट सांगणाराही बोलत नाही. गोष्टीचं लक्ष लगेच तंबूच्या दाराकडे वळतं. त्याला या अवस्थेत कुणी बघितलं आणि मग काय केलं?

नोहाला तीन मुलगे. हाम बापाला बघतो आणि बाहेर जाऊन दोघा भावांना सांगतो. शेम आणि याफेथ एक वस्त्र घेतात, दोघांच्या खांद्यांवर टाकतात आणि उलट्या पावलांनी चालत आत जातात. तोंड फिरवलेलंच ठेवून ते बापाला झाकतात. नोहा जागा होतो, घडलेलं त्याला कळतं आणि तो शाप देतो.

हामचा गुन्हा एवढाच? तालमूदमधल्या काही पंडितांनाही हे पटलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी शाप देत नाही, हामने बापाच्या शरीराला काहीतरी भयंकर इजा केली असणार, असा तर्क त्यांनी केला. कॉलेजात असताना मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. आता वाटत नाही. बघितलं आणि बाहेर जाऊन सांगितलं, एवढं पुरेसं आहे.

दोन वर्षांपूर्वी टीमच्या आउटिंगला आमचा एक सीनियर खूप प्यायला. रात्री रिसॉर्टच्या लॉनवर बसून तो रडत होता आणि त्याच्या घटस्फोटाबद्दल असं काहीबाही बोलत होता, जे शुद्धीत असता तर आमच्यासमोर कधीच बोलला नसता. कुणीतरी व्हिडिओ काढला. सकाळी तो ग्रुपवर होता. मी व्हिडिओ काढला नव्हता. मी तो फक्त एका मित्राला पाठवला, खाली हसणारा इमोजी टाकून. सोमवारी तो माणूस नेहमीसारखा कामावर आला आणि आम्ही सगळे त्याच्याशी जरा जास्तच नीट वागलो.

त्या आठवड्यात मला हाम आठवला. हामने बापाला दारू पाजली नव्हती, त्याचे कपडे काढले नव्हते. त्याने फक्त आतली गोष्ट बाहेर नेली.

रोममधल्या सिस्टीन चॅपलच्या छतावर मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात उत्पत्तीतले नऊ प्रसंग रंगवले. क्रमाने शेवटचा प्रसंग नोहाच्या नशेचा आहे. सुरुवात देवाने उजेड आणि अंधार वेगळे केले तिथून आणि शेवट झिंगून पडलेल्या म्हाताऱ्यावर. त्या चित्रात एक गोष्ट विचित्र आहे. नोहा नागडा आहे हे ठीक, पण त्याला झाकायला आलेले मुलगेही जवळजवळ नागडेच आहेत. चित्रकाराच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. मी मात्र त्याचा अर्थ असा लावतो की झाकणाऱ्याचीही तीच अवस्था आहे, आज फक्त पाळी दुसऱ्याची आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. झाकून झाकून तर आपण वाट लावली. दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा, मुलांना घाबरवणारा बाप, यांच्यावर घरातले लोक वर्षानुवर्षं पांघरूण घालतात आणि त्याला घराची अब्रू म्हणतात. शेम आणि याफेथ यांच्याकडून हेच शिकायचं असेल, तर ही गोष्ट न वाचलेली बरी.

पण हीच गोष्ट पुढे काय दाखवते ते बघा. जागा झालेला नोहा शाप देतो तो हामला नाही, हामच्या मुलाला, कनानला. तो गुलामांचा गुलाम होईल म्हणतो. कनानने काय केलं होतं? गोष्टीत तरी काहीच नाही. आणि नोहाचे थेट शब्द संपूर्ण बायबलमध्ये फक्त इथेच येतात. तारू बांधताना तो गप्प, जग बुडताना गप्प. तोंड उघडतं ते लाज वाटल्यावर, आणि ती लाज पडते नातवावर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले गुलामगिरीचे समर्थक हाच शाप पुढे करायचे. आफ्रिकी लोक हामचे वंशज, म्हणून त्यांची गुलामी देवाला मान्य, असं व्यासपीठावरून सांगायचे. ज्या कूशचं नाव आफ्रिकेशी जोडलं जातं, तो हामचा वेगळा मुलगा होता, शाप त्याला नव्हताच. पण लाजेला एवढा हिशोब लागत नाही. एका म्हाताऱ्याच्या एका रात्रीच्या नशेने कुणाचं फार बिघडलं नव्हतं. बिघडलं ते सकाळी, शुद्धीवर आल्यावर.

म्हणजे झाकणं पुरेसं नाही. मग काय? याचं उत्तर मला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात सापडलं. दावीद राजा उरीया नावाच्या सैनिकाच्या बायकोशी, बथशेबाशी, संबंध ठेवतो. ती गरोदर राहते. मूल उरीयाचं वाटावं म्हणून दावीद त्याला रणांगणावरून बोलावून घेतो, पण सोबती उघड्यावर तळ ठोकून असताना उरीया घरी जायला तयार होत नाही. मग राजा त्याला मुद्दाम दारू पाजतो. उरीया झिंगतो, तरीही घरी जात नाही, राजाच्या चाकरांसोबत झोपतो. प्यायलेला उरीया शुद्धीतल्या दावीदापेक्षा सरळ निघतो. शेवटी दावीद त्याला लढाईत मरायला पाठवतो.

यावर नाथान संदेष्टा काय करतो? तो चौकात जाऊन बोभाटा करत नाही. उलट्या पावलांनी चालत पांघरूणही घालत नाही. तो राजासमोर उभा राहतो आणि एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगून त्याला त्याचा गुन्हा दाखवतो.

माझ्यापुरता मी हा फरक धरून ठेवला आहे. माणूस स्वतःच पडला असेल, तर झाकायचं. त्याने दुसऱ्याला पाडलं असेल, तर जे पडलेत त्यांना आधी बाहेर काढायचं आणि त्याला तोंडावर सांगायचं. दोन्ही वेळा हामचा रस्ता चुकीचाच, कारण त्यात पडलेल्याचंही भलं नसतं आणि पाडलेल्याचंही. फक्त ऐकणाऱ्यांची करमणूक होते.

आणि आपण जे बघतो ते खरंच तेच असतं का, हाही प्रश्न आहे. हन्ना नावाची मूल नसलेली बाई मंदिरात प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज येत नाही. एली याजक तिला प्यायलेली समजून झापतो. ती सांगते, मी प्यायलेली नाही, दुःखी आहे. एली तिथल्या तिथे तिला आशीर्वाद देतो. तालमूदमधल्या पंडितांनी यातून नियम काढला की कुणावर चुकीचा संशय घेतला, तर त्याची समजूत काढायची, इतकंच नाही, त्याला आशीर्वादही द्यायचा. लॉनवरचा आमचा सीनियर प्यायलेला होताच. पण तो दुःखीही होता, आणि चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत आम्हाला त्यातलं एकच दिसलं.

आशीर्वाद देण्याची माझी लायकी नाही. मागच्या महिन्यात मी त्याला फोन केला आणि सांगितलं की तो व्हिडिओ मीही पुढे पाठवला होता. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कुणाला?" मी नाव सांगितलं. "बरं," म्हणाला. मग आम्ही कामाचं बोललो.