अटकेचा आकडा आणि अनुमानाचा दोष

एखाद्या समाजातील माणसांना त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक प्रमाणात अटक होते, एवढ्या एका विधानावरून काय सिद्ध होते, हा प्रश्न वरकरणी संख्याशास्त्राचा दिसतो; पण त्याचा गाभा प्रमाणविचाराचा, म्हणजे यथार्थ ज्ञान कशाने होते आणि कशाने होत नाही याच्या विचाराचा आहे. अमेरिकेत हा वाद कृष्णवर्णीय नागरिकांच्या संदर्भात चालतो. अटका अधिक आहेत कारण गुन्हे अधिक आहेत, असे एक पक्ष म्हणतो. अटका अधिक आहेत हाच पोलिसांच्या पूर्वग्रहाचा पुरावा होय, असे दुसरा म्हणतो. महाराष्ट्रात वर्णाच्या जागी जात येते आणि पारधी, रामोशी, कैकाडी, कंजारभाट, वडार या समाजांविषयी हीच दोन उत्तरे ऐकू येतात. दोन्ही पक्ष एकाच आकड्याकडे बोट दाखवतात आणि दोघेही त्या आकड्यात जेवढे आहे त्याहून अधिक त्यातून काढू पाहतात.

महाराष्ट्रातील वादाचे वैशिष्ट्य असे की येथे संशय आधी कायद्यात लिहिला गेला आणि आकडे मागाहून आले. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता आणि १९११च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. या कायद्यामागचा युक्तिवाद असा होता की या देशात धंदा जातीने ठरतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तेव्हा ज्यांचा धंदाच चोरीचा आहे अशाही जाती असल्या पाहिजेत. जमात एकदा अधिसूचित झाली की त्या अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. नोंदलेल्या माणसाला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचे तर परवाना घ्यावा लागे, आणि हजेरी चुकवणे हाच शिक्षेस पात्र असा गुन्हा होता. परिणामी एखादा माणूस आजारी आईला भेटायला परवान्यावाचून दुसऱ्या गावी गेला, तरी त्याची शिक्षा त्याच्या जमातीच्या गुन्हेगारीच्या खात्यात जमा होई, आणि तो फुगलेला आकडा कायद्याच्या गरजेचा पुरावा म्हणून पुढे करता येई. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत, जिला लोक नुसते सेटलमेंट म्हणत, ही या व्यवस्थेची ठळक खूण होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. मात्र १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. कायद्याच्या अक्षरात जमातीच्या जागी व्यक्ती आली हे खरे, पण ठाण्यातील नजर कायद्याच्या अक्षराबरोबर बदलली असे मानायला फारसा आधार नाही.

पुणे परिसराचा इतिहास या बाबतीत विशेष बोलका आहे. पुरंदर किल्ल्याची आणि आसपासच्या गावांची राखण ही रामोशांकडे परंपरेने चालत आलेली जबाबदारी होती. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारच्या अमलात त्यांची वतने आणि हक्क गेले, उमाजी नाइकांचे बंड उभे राहिले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. दुसऱ्याच वर्षी कॅप्टन मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने रामोशांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच काळात आणि पुढेही पुण्याच्या कँपातील गोरे रहिवासी आपल्या बंगल्यांवर रात्रीचा पहारेकरी म्हणून रामोशीच नेमत. एकाच समाजातील माणूस पगारावर असला की राखणदार आणि पगाराबाहेर असला की दरोडेखोर ठरत असेल, तर फरक रक्तात नसून उपजीविकेत आहे, हे तेव्हाच्या साहेबालाही दिसायला हरकत नव्हती. परंतु नोंदवहीत उपजीविकेला रकाना नव्हता आणि जातीला होता.

या ठिकाणी भारतीय न्यायदर्शनातील एक संकल्पना विलक्षण उपयोगी पडते. अनुमान उभे राहते ते व्याप्तीवर, म्हणजे एक गोष्ट जेथे असेल तेथे दुसरी असलीच पाहिजे अशा अव्यभिचारी संबंधावर. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण धूर अग्नीवाचून नसतो. अग्नीवरून धुराचे अनुमान मात्र करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला इंधन ओले असावे लागते. या ओल्या इंधनासारख्या मध्ये दडलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात आणि तिची व्याख्या काटेकोर करतात: जे सिद्ध करायचे, म्हणजे साध्य, ते जेथे असेल तेथे ही अट असतेच, पण ज्याच्या आधारे सिद्ध करायचे, म्हणजे हेतू, तो जेथे असेल तेथे ती असतेच असे नाही. ज्या अनुमानात अशी उपाधी सापडते, ते अनुमान दुष्ट ठरते.

‘अमुक जातीचा आहे, म्हणून पोलिसांच्या हाती लागणारा आहे’ या अनुमानाला ही व्याख्या लावून पाहिली तर उपाधी लपत नाही. ती म्हणजे पोलिसांची नजर. जेथे अटक आहे तेथे नजर पोचलेली असतेच. पण जेथे जात आहे तेथे नजर असतेच असे नाही, कारण त्याच समाजातील जो माणूस शिक्षक होऊन सोसायटीत राहू लागला, त्याला रात्री कोणी हटकत नाही. उलट बाजूने पाहिले तर लोखंडाचा तापलेला गोळाही शोधावा लागत नाही. बनावट कागदपत्रांवर जमिनी विकणे किंवा ठेवीदारांचे पैसे बुडवणे हे गुन्हे भरपूर घडूनही त्यांचा धूर गस्तीच्या रस्त्यावर दिसत नाही. अटकेचा आकडा हा कृती आणि नजर या दोहोंचा गुणाकार असतो, आणि नुसत्या गुणाकारावरून दोन्ही गुणक कोणालाही ओळखता येत नाहीत.

कल्पनेने दोन वस्त्या घ्याव्यात. प्रत्येकीत हजार प्रौढ माणसे आहेत आणि प्रत्येकीतील पन्नास जण वर्षभरात लहानमोठी चोरी करतात. पहिल्या वस्तीवर गस्त दाट असल्यामुळे दहापैकी चार चोर सापडतात, दुसरीत दहापैकी एक. वर्षअखेर ठाण्याच्या तक्त्यात वीस आणि पाच असे आकडे येतात. पहिली वस्ती चौपट गुन्हेगार ठरते आणि पुढच्या वर्षीची गस्त त्याच प्रमाणात वाटली जाते. शिवाय ते वीस जण आता ‘रेकॉर्डवरील’ होतात. पुण्यातील वृत्तपत्रांत ‘रेकॉर्डवरील सराईत’ हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की तो वाचताना कोणी थबकत नाही. कोंबिंग ऑपरेशन, म्हणजे रात्रीतून वस्त्या पिंजून नोंदीतल्या माणसांची झडती घेण्याची मोहीम, ही याच यादीवर चालते. त्यात भर म्हणजे काही कारवायांत संशय हाच कारवाईचा आधार असतो: महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत आढळणे शिक्षापात्र आहे, आणि जुन्या फौजदारी संहितेच्या १०९ व ११० या कलमांखालील, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १२८ व १२९ कलमांखालील, चांगल्या वर्तणुकीच्या हमीची कारवाई गुन्हा सिद्ध होण्याची वाट पाहत नाही. अशा नोंदी वर्षाच्या बेरजेत मिसळल्या की नजर स्वतःलाच मोजू लागते.

तरीही एवढ्याने दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आपोआप सिद्ध होत नाही, आणि येथे सुधारणावादी लेखकांची घाई टाळली पाहिजे. गुन्ह्याचे प्रमाण दोन समाजांत खरोखर वेगळे असू शकते. शिकारीवर जगणाऱ्या पारध्याची शिकार वन्यजीवांच्या कायद्याने बंद झाली, जमीन नव्हतीच, जातीचा दाखला आणि रेशनकार्ड मिळवणे हे वर्षानुवर्षांचे काम. अशा स्थितीत काही चोऱ्या अधिक होत असतील तर ते नाकारण्यात अर्थ नाही. तेथेही उपाधी आहे, फक्त ती दारिद्र्य ही आहे. या दोन उपाधी वेगळ्या काढायच्या कशा, हा खरा अभ्यासाचा प्रश्न होय.

न्यूयॉर्कमधील एका खटल्यात याचे एक बरे उत्तर सापडते. रस्त्यात हटकून झडती घेण्याच्या तेथील पोलिसांच्या पद्धतीविषयी २०१३ साली न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी निकाल दिला. २००४ ते २०१२ या काळात सुमारे ४४ लाख वेळा लोकांना हटकण्यात आले होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा समोरचा माणूस कृष्णवर्णीय होता. शहराचे म्हणणे असे की तुलना लोकसंख्येशी न करता गुन्ह्यांतील संशयितांच्या वर्णनाशी करावी. न्यायाधीशांनी विचारले ते छेदाविषयी: हटकलेल्यांपैकी बहुतेक सर्व निर्दोष निघाले असताना त्यांची तुलना गुन्हेगारांशी कशी करता येईल? त्याहून मार्मिक आकडा झडतीच्या फलिताचा होता. कृष्णवर्णीयांना हटकल्यावर १ टक्का वेळा शस्त्र सापडले, गोऱ्यांना हटकल्यावर १.४ टक्के वेळा. ज्यांच्यावर संशय अधिक, त्यांच्याकडे सापडणे कमी, याचा अर्थ संशयाचा उंबरठा त्यांच्यासाठी खाली आणलेला होता. ही कसोटीही निर्दोष नाही, कारण सरासरी फलितावरून उंबरठ्याची उंची नेहमीच अचूक कळते असे नाही. पण नुसत्या अटकांच्या संख्येपेक्षा ती पुष्कळ काही सांगते.

पुण्यातील नाकाबंदीत थांबवून काही न सापडल्याने सोडून दिलेला माणूस वर्षअखेरच्या आकडेवारीत येत नाही, म्हणजे येथे छेदच उपलब्ध नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल नोंदवलेले गुन्हे मोजतात, घडलेले नव्हे; एका फिर्यादीत अनेक कलमे असली तर सर्वांत गंभीर कलम तेवढे गणले जाते; आणि नोंदी वाढणे म्हणजे गुन्हेगारी वाढणे नव्हे, हा इशारा तो विभाग स्वतःच देतो, जरी मथळे लिहिणारे तो सहसा वाचत नाहीत. कारागृहांच्या आकड्यांचे तर आणखी निराळे आहे. २०२२च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंदिवानांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी होते, ज्यांचा खटला अजून संपलेला नव्हता. अशा माणसाचे आत असणे गुन्ह्यापेक्षा जामिनावर अधिक अवलंबून असते. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि ज्याच्या ओळखीत सातबारा असलेला कोणी नाही, अशा पालावर राहणाऱ्या माणसाला जामीनदार मिळत नाही. येरवड्याच्या कोठडीतील त्याचा मुक्काम त्याच्या समाजाच्या स्वभावाविषयी काही सांगत नाही. तो सांगतो ते फक्त त्याच्या जामीनदाराविषयी.

इथवरचा विचार ज्ञानाचा झाला. न्यायाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि वादात हे दोन सतत एकमेकांत मिसळतात. समजा, सर्व उपाधी दूर करूनही एखाद्या समाजात गुन्ह्याचे प्रमाण खरोखर अधिक निघाले, तर त्यातील एका माणसाला तेवढ्या कारणाने हटकणे योग्य ठरेल काय? भारतीय दर्शनांच्या वादांत दोन दोष पुन्हा पुन्हा दाखवले जातात: कृतप्रणाश, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ न मिळता ते नष्ट होणे, आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ पदरी येणे. आत्म्याच्या स्वरूपाविषयीची कोणतीही उपपत्ती या दोन दोषांत अडकली की ती टाकाऊ मानली जाई. जातभाईच्या चोरीपायी चौकीत बसवलेला माणूस हे अकृताभ्यागमाचे स्वच्छ उदाहरण आहे. यावर कर्मविपाकाचा जुना बचाव असा की आज अकारण वाटणारे दुःख हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ असते, जन्म अमुक जातीत होणे हेसुद्धा. श्रद्धा म्हणून कोणी ते मानावे. राज्यसंस्थेला तो बचाव उपलब्ध नाही, कारण पूर्वजन्माचा पंचनामा कोणत्याही ठाण्यात नसतो. गुन्हेगार जमाती कायदा झाल्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि जन्मावरून योग्यता ठरवण्याच्या कल्पनेवरच घाव घातला, हा कालक्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

अकृताभ्यागमाची खूण आकड्यांतही मागे उरते. महाराष्ट्रातील एका खून खटल्यात भटक्या समाजातील सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली कायम केली किंवा नव्याने ठोठावली, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांवरून आधी ओळखलेल्या दुसऱ्याच माणसांचा तपास झालेला नव्हता. मधल्या सर्व वर्षांच्या अहवालांत हे सहा जण सिद्धदोष म्हणून मोजले गेले. छापून झालेल्या त्या तक्त्यांतून त्यांना आता कोणी वजा करणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातिभेदाविषयी निकाल देताना कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही बजावले. यातून पेच निर्माण होतो: जातीची नोंदच नसेल तर मनमानी होते की नाही हे कळणार कशावरून? पेच सुटतो तो आकडा कोणाविरुद्ध वापरायचा हे ठरवल्यावर. जात ही कर्ता नाही. तिच्यातील हजार माणसांची कर्मे हजार वेगळ्या माणसांची आहेत, म्हणून त्यांची बेरीज त्यांतील एकावर लादणे हा अकृताभ्यागम होय. पोलीस ठाणे मात्र एक संस्था आहे, तिने हजार वेळा केलेली कारवाई ही तिचीच हजार कर्मे आहेत, आणि त्यांचा हिशेब तिच्याकडून मागण्यात कोणताही दोष येत नाही. तोच आकडा समाजाविरुद्ध अप्रमाण असून संस्थेविरुद्ध प्रमाण असू शकतो. त्यासाठी पहारेकऱ्याच्या हातातील वहीत जात नको. नाव वगळून केलेली वेगळी नोंद हवी, जिच्यात थांबवण्याचे कारण, झडतीचे फलित आणि समाज एवढे असेल. अडचण राहते ती शेवटच्या रकान्याची. महाराष्ट्रात आडनावावरून तो भरता येणार नाही, कारण पवार, भोसले, काळे, शिंदे, चव्हाण ही आडनावे पारध्यांचीही आहेत आणि मराठ्यांचीही. म्हणजे समोरच्यालाच विचारावे लागेल, आणि रात्री अकरा वाजता नाक्यावर उभ्या असलेल्या पारध्याला खाकी वर्दीतल्या माणसाने जात विचारली तर तो खरे उत्तर का देईल, हे अशी नोंदवही सुचवणाऱ्यांना आधी ठरवावे लागेल.