उत्सर्ग आणि उच्चार : स्वयंसेवी वाचनाचा नैतिक प्रश्न

हेन्री निकोल्सन एलाकोम्ब (१८२२–१९१६) हा इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या बिटन गावाचा धर्मोपदेशक आणि जाणता उद्यानप्रेमी होता. शेक्सपिअरच्या साहित्यात येणाऱ्या फुलाझाडांविषयीचा त्याचा ग्रंथ, ‘द प्लँट-लोअर अँड गार्डन-क्राफ्ट ऑफ शेक्सपिअर’, १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतींची नावे वर्णानुक्रमाने. प्रत्येक नावाखाली आधी शेक्सपिअरमधील उतारे, अंक-प्रवेशांच्या निर्देशांसह. आणि त्यानंतर एलाकोम्बची टिप्पणी, अशी त्याची रचना आहे. ग्रंथ सलग वाचण्याचा नव्हे, हवे ते पान उघडून पाहण्याचा आहे. असा ग्रंथ स्वयंसेवकांकडून मोठ्याने वाचून घेऊन त्याचे श्राव्य पुस्तक करावयाचे ठरवले, तर संयोजकापुढे ज्या अडचणी उभ्या राहतात त्या वरवर केवळ व्यवस्थेच्या वाटतात. त्यांपैकी काही मुळात नीतिविचाराच्या आहेत, हे थोड्या विचारान्ती लक्षात येते.

अशा कामाची एक प्रस्थापित रीत आज उपलब्ध आहे. कॅनडातील माँट्रियल येथे ह्यू मॅकग्वायर यांनी २००५ मध्ये ‘लिब्रिव्हॉक्स’ हा उपक्रम सुरू केला. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके जगभरच्या स्वयंसेवकांनी वाचावीत, ध्वनिमुद्रित करावीत आणि ते ध्वनिमुद्रणही कोणताही हक्क न राखता सर्वांना खुले करावे, हे त्याचे सूत्र. पहिले पुस्तक जोसेफ कॉनरॅडची ‘द सीक्रेट एजंट’ ही कादंबरी होते, आणि तेही अनेकांनी प्रकरणे वाटून घेऊन वाचले. वाचण्यासाठी आवाजाची निवड नाही. तपासणीसाठी ऐकणारा स्वयंसेवक गाळलेली वाक्ये, दोनदा वाचल्या गेलेल्या ओळी, पार्श्वभूमीचा गोंगाट, आवाजाची पातळी एवढेच पाहतो. वाचकाची शैली, त्याचा प्रादेशिक हेल, भावनेचा कमीअधिकपणा यांविषयी वाचकाने स्वतः विचारल्याखेरीज अभिप्राय द्यावयाचा नाही, असा तेथील संकेत आहे.

हा संकेत उदार आहे, आणि त्याच्यामुळेच हजारो पुस्तके ध्वनिरूपात आली, हे मान्य करावे लागते. परंतु त्याच्या मुळाशी जी समजूत आहे ती तपासण्याजोगी आहे. जे विनामूल्य दिले जाते त्याच्या गुणावगुणांची चिकित्सा करणे हा कृतघ्नपणा होय, अशी ती समजूत. मराठीत तिच्यासाठी म्हणच आहे : धर्माची गाय आणि दात का गं नाय. वाचणाऱ्याने आपली संध्याकाळ खर्चून गुलाबावरची लांबलचक नोंद वाचून दिली. आता त्याने फुलांची नावे नीट उच्चारली नाहीत, पद्य गद्यासारखे वाचले, अशी तक्रार करणाराच अपराधी ठरावा काय?

वाचनाच्या चिकित्सेची परंपरा येथे फार जुनी आणि फार कठोर आहे. ‘पाणिनीय शिक्षे’त सहा अधम पाठक सांगितले आहेत : गाऊन म्हणणारा, घाई करणारा, डोके हलवणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि दुबळ्या कंठाचा. या यादीप्रमाणे लिब्रिव्हॉक्सचा प्रत्येक वाचक, उत्तमोत्तम वाचकसुद्धा, चौथ्या दोषाने आरंभीच बाद होतो. कारण या उपक्रमाचे सारे अस्तित्वच छापील संहितेसमोर बसण्यावर उभे आहे. मौखिक परंपरेने संहितेचे रक्षण स्मृतीवर सोपवले होते, म्हणून तिला लिखितपाठक संशयास्पद वाटला. आज संहितेचे रक्षण छापील पानच करते. त्यामुळे चौथा दोष निकालात काढता येतो. पाचवा मात्र तितक्या सहजपणे काढता येत नाही. अर्थ न जाणता वाचणाऱ्याने नेमके काय बिघडवले?

फुलांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचे निघते. ‘हॅम्लेट’मधील भ्रमिष्ट ऑफेलिया जी फुले-पाने वाटते त्यांत ‘रू’ आहे. ही मराठीतली सताप. इंग्रजीत याच उच्चाराचा दुसरा शब्द पश्चात्तापाचा आहे. शेक्सपिअरचा श्लेष पूर्णतः ध्वनीवर आधारलेला असल्यामुळे, सताप कधी न पाहिलेल्या आणि श्लेष न उमगलेल्या वाचकाच्या तोंडूनही तो सहीसलामत ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो. अर्थ न जाणणारा येथे निरुपद्रवी वाहक ठरतो. पोथी वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा, ही आपल्याकडची जुनी विभागणी अशाच विश्वासावर चालत आली असावी.

याच्या उलट अनुभव अवतरणचिन्हांचा. एलाकोम्बच्या पानावर शेक्सपिअर कोठे संपतो आणि एलाकोम्ब कोठे सुरू होतो, हे डोळ्यांना क्षणात कळते. कानाला कळत नाही. ती सीमा आवाजानेच आखावी लागते : किंचित विराम, पट्टीतला बदल, गतीतला फरक. उताऱ्यात कोण बोलत आहे हे ज्याने समजून घेतलेले नाही, त्याला ही सीमा आखता येणार नाही. मग ऑफेलियाचे वेडाच्या भरातले बोलणे आणि बिटनच्या धर्मोपदेशकाची बागाईत माहिती एकाच स्वरात वाहत जातील. गाळलेली ओळ शोधण्यासाठी ऐकणाऱ्याला येथे एकही चूक सापडणार नाही. एकही शब्द न गाळता संहितेचा मोठा भाग मात्र गळालेला असेल.

शिकवलेला आवाज आणि उपजत आवाज या वादाला तर खुद्द शेक्सपिअरमध्येच एक फूल सापडते. ‘द विंटर्स टेल’च्या चौथ्या अंकात पर्डिटा ‘जिलीव्हर’ हे पट्टेदार पाकळ्यांचे फूल आपल्या बागेत लावायला नकार देते. त्याच्या रंगात निसर्गाबरोबर माणसाच्या कलेचाही वाटा आहे, म्हणून. पॉलिक्सिनीस उत्तर देतो की निसर्गाला सुधारणारी कलाही निसर्गानेच घडवलेली असते. रानटी खोडावर कुलीन कलम करण्यात गैर काही नाही. स्वयंसेवी वाचनाचे समर्थक पर्डिटाच्या बाजूचे असतात. जसा आवाज आहे तसाच तो प्रामाणिक, असे ते मानतात. व्यावसायिक वाचनाचे पुरस्कर्ते पॉलिक्सिनीसचे म्हणणे उचलतात. गंमत अशी की कलमाचा हा कैवारी थोड्याच वेळात, आपला राजपुत्र एका मेंढपाळकन्येशी विवाह करू पाहतो म्हणून संतापाने बेभान होतो. आणि कृत्रिमतेला नाकारणारी पर्डिटा स्वतः उत्सवाच्या उसन्या वेषात, उसन्या भूमिकेत उभी असते. शेक्सपिअरने हा वाद कोणाच्याच बाजूने सोडवलेला नाही. एकाच प्रवेशातील हे दोन आवाज जो स्वयंसेवक वाचील, त्याला निदान वाचतेवेळी तरी दोन्ही बाजू घ्याव्या लागतील.

मूळ प्रश्नाकडे वळायचे तर विनामूल्य वाचन हे दान आहे काय, हे आधी ठरवले पाहिजे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या दुसऱ्या खंडात (१९४१) दान आणि उत्सर्ग यांतील भेदाची चर्चा आहे. दानात दाता वस्तूवरील आपले स्वत्व सोडतो आणि दुसऱ्याचे स्वत्व तिच्यावर निर्माण होते. त्यासाठी स्वीकारणारा लागतो. तळे, विहीर किंवा बाग लोकार्पण करताना तसे घडत नाही. तेथे स्वत्व सोडले जाते, पण ते कोणा एकाकडे जात नाही. वस्तू सर्व भूतांसाठी मोकळी होते. म्हणूनच उत्सर्ग करणाऱ्यालाही त्या तळ्यात स्नान करण्यास प्रत्यवाय नाही, कारण तोही सर्वांपैकीच एक. स्वामित्वहक्क न राखता खुले केलेले ध्वनिमुद्रण या अर्थाने दान नसून उत्सर्ग आहे. त्याला स्वीकारणारा नाही, असतो तो फक्त ऐकणारा.

या भेदाने बरेच काही बदलते. कृतज्ञतेचे ऋण दानातून निर्माण होते. मार्सेल मोसने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवलेले परतफेडीचे बंधन तेथेच लागू पडते. आणि देणगी ‘देणगी’ म्हणून ओळखली जाताच ती देवाणघेवाणीत विरघळते, हा देरिदाचा पेचही तेथलाच. म्हणीतल्या गाईला मालक मिळालेला आहे, म्हणून त्याने दात मोजू नयेत. तळ्याचे पाणी गढूळ आहे असे म्हणणारा मात्र कोणाचाही उपमर्द करीत नाही. तो तळ्याविषयी बोलत असतो, आणि ते खोदणाऱ्याइतकाच त्यालाही तसे बोलण्याचा अधिकार असतो. दृष्टिहीन श्रोत्याच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची सेवा सुरू झाली तेव्हापासून हा श्रोता दानपात्र म्हणूनच पाहिला गेला, आणि दानपात्राने चोखंदळ असू नये, अशी जगाची अपेक्षा असते. डोळस वाचकाला गचाळ छपाईविषयी जी तक्रार निःसंकोचपणे करता येते, तीच गचाळ उच्चारणाविषयी करताना अंध श्रोत्याने आधी आभार का मानावेत?

याचा अर्थ लिब्रिव्हॉक्सचा संकेत चुकीचा आहे, असा नव्हे. तो संयोजक आणि स्वयंसेवक यांच्यातील सौजन्याचा नियम आहे. वाचनकलेचा सिद्धान्त नाही. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी त्याचे दोष ऐकवले तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, एवढाच त्याचा व्यावहारिक आशय आहे, आणि तेवढ्यापुरता तो योग्य आहे. समीक्षकाने तो स्वतःला लावून घेण्याचे कारण नाही. एकाच पुस्तकाची अनेक ध्वनिमुद्रणे स्वीकारण्याची तेथील पद्धत पाहता, चिकित्सेला खरे उत्तर नव्या वाचनाने देता येते, हेही विसरू नये.

उत्सर्गाची संकल्पना स्वीकारली की तिचे अवघड टोकही स्वीकारावे लागते. २०१५ मध्ये लिब्रिव्हॉक्सच्या इंग्रजी वाचनांतून सुमारे एक हजार तासांचा ‘लिब्रिस्पीच’ हा ध्वनिसंग्रह तयार करण्यात आला. यंत्राला मानवी बोलणे ओळखायला शिकवणे हे त्याचे प्रयोजन. २०१९ च्या ‘लिब्रिटीटीएस’ने याच वाचनांतून यंत्राला बोलायला शिकवण्याची सामग्री पुरवली. २०२३ मध्ये प्रोजेक्ट गटेनबर्गच्या सुमारे पाच हजार पुस्तकांची यंत्रस्वरातील ध्वनिरूपे प्रसिद्ध झाली. ज्यांनी २००५ नंतरच्या पहिल्या वर्षांत आपले आवाज मोकळे केले, त्यांच्या संकल्पात हे नव्हते. कायद्याने त्यांना तक्रारीला जागा नाही, आणि उत्सर्गाच्या तर्कानेही नाही. सर्वांसाठी सोडलेल्या पाण्यावर नंतर अटी घालता येत नाहीत. तथापि संकल्प ‘सर्व भूतांसाठी’ असतो, आणि भूत म्हणजे ज्याला तहान लागते ते. यंत्राला पर्डिटाचा नकार ऐकण्याची गरज नाही. त्याला केवळ तिच्या स्वरांचे नमुने हवे आहेत. या उपयोगाला तळ्यावरचे पाणी पिणे म्हणावे की तळ्याची माती उपसून नेणे म्हणावे, हा प्रश्न स्मृतिकारांपुढे आलेला नव्हता. निदान आज नव्या स्वयंसेवकाला बोलावणाऱ्या संयोजकाने, त्याचा आवाज कोठवर जाऊ शकतो हे त्याला आधी सांगणे आवश्यक आहे. अजाणतेपणी केलेला संकल्प पुरा मानता येत नाही.

राहिला एलाकोम्बच्या ग्रंथाच्या वाटपाचा प्रश्न. गुलाब, व्हायोलेट, लिली यांच्या नोंदींसाठी वाचक शोधावे लागणार नाहीत. पण याच ग्रंथात नेटल आहे, विषारी हेमलॉक आहे, गव्हात माजणारे डार्नेल आहे. म्हणजे वेडा झालेला लिअर राजा ज्यांचा मुकुट करून घालतो ते सारे तण. ‘किंग लिअर’मध्ये शहाणपण हरवलेल्या राजाच्या मस्तकावर तेवढेच उरलेले असते. या नोंदी पुष्कळ दिवस वाचकाविना पडून राहतील, ग्रंथ त्यांच्यावाचून पूर्ण मानता येणार नाही, आणि एखाद्या रात्री घरातील सर्व निजल्यावर पंखा बंद करून त्या संयोजकालाच वाचाव्या लागतील.